भूमीची साक्ष आणि आपले निसर्गचित्र

शाळेतील कोणत्याही मुलाला निसर्गचित्र काढावयास सांगितले, की तो बहुधा एकच चित्र काढतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, डोंगरातून वळणे घेत येणारी निळी नदी, काठावर एक कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचे झाड. कोकणातील मुलाने हे चित्र काढले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु आमच्या माढा तालुक्यातील मूलही हेच चित्र काढते. आमच्याकडे असे डोंगर नाहीत. नारळ असलाच तर कोणी हौसेने परसात लावलेला. आमची भूमी म्हणजे माळ आणि काळे रान, बाभळी, बोरी आणि लिंब, एका अंगाला सीना आणि दुसऱ्या अंगाला भीमा. या भूमीवर आज दूरवर ऊस उभा आहे. उसातून विजेचे खांब गेले आहेत, कालवे आणि पाइपलाइनी गेल्या आहेत आणि क्षितिजावर साखर कारखान्याचे धुराडे दिसते. यातील एकही गोष्ट मुलांच्या निसर्गचित्रात नसते. निसर्ग म्हणजे जेथे माणसाचा हात लागलेला नाही ते, असे आपण त्यांना नकळत शिकविले आहे, आणि आपल्या अवतीभवती असे काही उरलेले नसल्यामुळे ती बिचारी दुसऱ्याच्या मुलखातील डोंगर काढतात.

प्रश्न वरवर पाहता चित्रकलेचा आहे. परंतु अल्लाहने ज्या भूमीवर आपल्याला वसविले, ती भूमी आज जशी आहे तशी पाहण्याचे आणि दाखविण्याचे धैर्य आपल्यात आहे काय, हा त्यामागचा प्रश्न ईमानाचा आहे. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

मी सुचविलेली दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात आमच्याकडे आली होती. शाळेने सुटीसाठी निसर्गचित्र काढून आणण्यास सांगितले होते. एका नातेवाइकांकडे जाताना आम्ही सीनेच्या काठाने गेलो. घरी आल्यावर तिने चित्र काढावयास घेतले. मी पाहिले तेव्हा कागदावर करड्या रंगाचे रुंद पात्र होते. त्यात जागोजागी मोठे खड्डे होते, एका खड्ड्यात थोडे हिरवट पाणी होते, पात्राच्या मधोमध ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर उभा होता आणि काठावरच्या विहिरीतून चार-पाच पाइप बाहेर आलेले होते.

मी आयुष्यभर शिक्षकाचा व्यवसाय केला. दुरुस्ती सुचविण्याची सवय जात नाही. मी म्हणालो, “बाळ, नदी अशी काढतात का? पाणी दाखव. आणि तो ट्रॅक्टर काढून टाक, चित्र बिघडते आहे.” ती म्हणाली, “नाना, पण तिथे पाणी नव्हतं.” मी म्हणालो, “नसू दे. चित्र छान दिसायला हवे.” मूल आज्ञाधारक होते. तिने खड्ड्यांवर निळा रंग दिला आणि ट्रॅक्टरच्या जागी एक होडी काढली. चित्र शाळेत गेले आणि त्याचे कौतुकही झाले.

त्यानंतर काही दिवसांनी मगरिबच्या नमाजमध्ये इमाम साहेबांनी सूरह जिलजाल पठण केली. ही सूरह आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून पाठ असते आणि म्हणूनच ती ऐकताना मन पुष्कळदा दुसरीकडे असते. त्या दिवशी मात्र तिच्या चौथ्या आयतीपाशी मी थबकलो. त्या दिवशी भूमी आपली हकीकत सांगेल, असा तिचा आशय आहे (कुरआन, ९९ : ४). तिरमिजीतील हदीसनुसार पैगंबर मुहम्मद (स.) यांनी या आयतीचा खुलासा करताना सांगितले, की प्रत्येक पुरुषाने आणि स्त्रीने भूमीच्या पाठीवर जे जे केले, त्याची साक्ष भूमी देईल. नमाज पूर्ण झाल्यावर माझ्या मनात आले, की जी साक्ष भूमी उद्या देणार आहे, तीच एका बारा वर्षांच्या मुलीने आज कागदावर दिली होती, आणि ती मी पुसावयास लावली.

परवानगी आणि त्यापुढचा प्रश्न

चित्रकलेचा विषय निघाला, की आपल्या समाजात चर्चा लगेच जायज-नाजायज या एकाच मुद्द्यावर येऊन थांबते. तो मुद्दा महत्त्वाचा आहेच. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग नोंदविलेला आहे. चित्रे काढून उदरनिर्वाह करणारा एक माणूस त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याला सजीवांच्या प्रतिमांविषयीचा पैगंबरांचा इशारा ऐकविला. तो ऐकून त्या माणसाचा चेहरा उतरला. तेव्हा हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला सांगितले, की हे काम करावयाचेच असेल तर झाडे आणि ज्यांत प्राण नाही अशा वस्तू काढ. एका कारागिराची रोजी बंद न करता त्याला त्यांनी दुसरी वाट दाखविली, आणि ती वाट निसर्गचित्राची होती.

मुस्लिम जगाने ही वाट पुढे किती सुंदर केली, याचे एक उदाहरण दमास्कसच्या उमय्या मशिदीत आजही पाहावयास मिळते. खलीफा वलीद यांच्या काळात, इ.स. ७०६ ते ७१५ च्या दरम्यान, ही मशीद उभी राहिली. तिच्या भिंतींवर रंगीत काचेचे बारीक तुकडे बसवून एक विस्तीर्ण देखावा केलेला आहे. त्यात वाहती नदी आहे, मोठमोठे वृक्ष आहेत, काठावर घरे आणि प्रासाद आहेत. माणूस किंवा प्राणी मात्र एकही नाही.

हा देखावा जरा लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. त्यात माणसाची आकृती नाही, तरी माणूस आहे. घरे आहेत म्हणजे ती बांधणारा कोणीतरी आहे. माणूस जाणून घेण्यासाठी त्याचा चेहराच पाहिला पाहिजे असे नाही, त्याच्या हातांनी काय केले ते पाहिले तरी तो कळतो. कुरआनही माणसाविषयी बोलताना वारंवार त्याच्या हातांच्या कमाईचा उल्लेख करतो. भूमीवर आणि समुद्रात जो बिघाड प्रकट झाला आहे तो लोकांच्या हातांच्या कमाईमुळे, आणि त्यांनी मागे फिरावे म्हणून त्यांच्या काही कृत्यांची चव त्यांना चाखविली जाते, असा सूरह रूमच्या एका आयतीचा आशय आहे (३० : ४१). प्रतिमेपासून दूर राहणाऱ्या मनालाही माणसाच्या कृत्याचे चित्र काढता येते. किंबहुना चेहरा नसल्यामुळे पाहणाऱ्याला दोष कोणा एकावर ढकलता येत नाही. तो चेहरा आपलाही असू शकतो.

म्हणून झाड आणि नदी काढण्यास हरकत नाही, एवढ्यावर आपला विचार थांबू नये. कोणती नदी काढावयाची, असलेली की नसलेली, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

खूण म्हणजे पाप नव्हे

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. माणसाचा हात लागला की निसर्ग बिघडला, हा विचार आज बराच पसरलेला आहे. इस्लामची शिकवण अशी नाही. हजरत सालेह (अ.) यांनी आपल्या समाजाला आठवण करून दिली होती, की अल्लाहने तुम्हाला या भूमीतूनच निर्माण केले आणि तिला आबाद करण्यासाठी तिच्यावर वसविले (११ : ६१). भूमी ओसाड ठेवणे ही इबादत नव्हे. मुस्लिमाने झाड लावले किंवा शेत पेरले आणि त्यातून पक्ष्याने, माणसाने वा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते, हे पैगंबर मुहम्मद (स.) यांचे वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. विहीर, बांध, बारव, पार, आमराई या सर्व माणसाच्याच खुणा आहेत आणि त्या भूमीची शोभा वाढवितात.

महाराष्ट्रात निसर्गचित्राच्या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते अबालाल रहिमान आपल्याच समाजातील होते. त्यांच्या घराण्यात कुरआनच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. रंकाळा, त्यातील संध्यामठ, कोटितीर्थ आणि पंचगंगा ही त्यांची आवडती स्थळे होती. पहाटेचा आणि सायंकाळचा प्रकाश पाण्यावर कसा पडतो, हे त्यांनी पुनःपुन्हा पाहिले आणि रंगविले. त्यांच्या पाण्याकाठी घाट आहे, दगडी मठ आहे, म्हणजेच माणसाच्या हाताचे काम आहे. ते काम आणि ते पाणी एकमेकांच्या विरोधात उभे राहत नाहीत. दगडाला पाण्याची अदब आहे.

त्याच पंचगंगेत आणि रंकाळ्यात पुढील काळात शहराचे सांडपाणी येऊ लागले आणि दोन्हींच्या प्रदूषणाविरुद्ध कोल्हापूरकरांना वर्षानुवर्षे लढावे लागले. अबालाल यांनी साक्ष देण्याच्या हेतूने चित्रे काढली असतील असे नाही. त्यांनी फक्त प्रामाणिकपणे पाहिले. परंतु प्रामाणिकपणे पाहिलेले पुढे साक्ष ठरते. पाणी कधी काळी असे होते, हे सांगणारा पुरावा आज त्या चित्रांत आहे. त्यांनी खऱ्या रंकाळ्याऐवजी एखाद्या पुस्तकातील सरोवर रंगविले असते, तर आपण काय गमावले हे आपल्याला कळलेच नसते.

यावरून खुणांचे दोन प्रकार स्पष्ट होतात. पहिल्या प्रकारची खूण अमानत ओळखणाऱ्या हाताची असते. तो हात भूमीकडून घेतो आणि भूमीला परत देतो. दुसऱ्या प्रकारची खूण मालकी गाजविणाऱ्या हाताची असते, तो केवळ घेतो. सूरह रहमानमध्ये आकाश उंच करून तराजू स्थापन केल्याचा उल्लेख आहे आणि त्या तराजूत मर्यादा न ओलांडण्याची ताकीद आहे (५५ : ७–९). चित्रकाराने या दोन खुणांतील फरक ओळखला, तर त्याची नजर त्या तराजूची चाकरी करते.

आजचे चित्रकार

गेल्या पन्नास वर्षांत निसर्गचित्राचा अर्थ जगभर बदलला आहे. याची सुरुवात त्याहूनही जुनी आहे. इंग्रज चित्रकार टर्नर यांनी १८४४ मध्ये पावसातून धावणाऱ्या आगगाडीचे चित्र प्रदर्शित केले. तोवर रम्य देखाव्यात आगगाडीला फारसे स्थान नव्हते. आज तर ज्याला निर्भेळ निसर्ग म्हणता येईल असे दृश्य शोधूनच काढावे लागते. म्हणून अनेक गंभीर चित्रकार आता खाण, महामार्ग, धरण, कचऱ्याचे ढीग आणि शहराने गिळलेले डोंगर यांनाच देखाव्याचा विषय करतात. आपल्या महाराष्ट्रात सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण घेता येईल. ते व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि त्यांनी अनेक वर्षे ठाण्यात राहून चित्रे काढली. २००१ मधील त्यांच्या ‘लोअर परळ’ या चित्रात गिरणगाव बदलत असतानाचे दृश्य आहे. ठाण्याच्या परिसरात वाढत जाणारी वस्ती आणि तिच्यामागचे डोंगरही त्यांच्या कामात येतात. त्यांच्या चित्रांत माणसे आहेत, त्यासंबंधीच्या फिकही प्रश्नात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्याला घ्यावयाची ती त्यांच्या नजरेची सवय. शरीराच्या आत काय झाले आहे हे दाखविणाऱ्या वैद्याप्रमाणे ते परिसराकडे पाहतात. रोग्याच्या चित्रात दुखरा भाग दिसू नये म्हणून त्यावर रंग देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

परंतु या नव्या प्रवाहालाही एक धोका आहे. जुना चित्रकार सौंदर्य दाखविण्यासाठी विनाश लपवीत असे. नवा चित्रकार कधीकधी विनाशच असा आकर्षक करतो, की तो पाहून मनाला टोचणी लागत नाही, केवळ स्तिमित व्हावयास होते. काही जण तर सर्वत्र विनाशच पाहतात. जेथे एखादा शेतकरी बांधावर झाडे जगवितो, तेथेही त्यांना राखच दिसते. हीसुद्धा खोटी साक्षच होय. अल्लाहच्या कृपेविषयी निराश होण्याची मुभा मोमिनाला नाही.

सबाची दोन चित्रे

कुरआनने एका समाजाच्या भूमीची दोन शब्दचित्रे एकापाठोपाठ एक आपल्यासमोर ठेवली आहेत. ती सूरह सबामध्ये आहेत (३४ : १५–१७). सबाचे लोक यमनमध्ये राहत आणि मआरिबचे प्रसिद्ध धरण त्यांच्या शेतीचा आधार होते. पहिल्या चित्रात उजवीकडे बाग आहे आणि डावीकडे बाग आहे. प्रदेश उत्तम आहे आणि रब क्षमाशील आहे. त्यांच्याकडे एकच मागणी होती, की त्या रबने दिलेले खावे आणि त्याचे आभार मानावेत. त्यांनी तोंड फिरविले. मग बांध फुटून पूर आला. दुसऱ्या चित्रात त्याच जागी दोन बागा आहेत, परंतु आता त्यांत कडू फळे आहेत, झाऊची झाडे आहेत आणि थोड्याशा बोरी आहेत.

माढ्याच्या वाचकाला या आयतींचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. आमच्याकडेही धरण आहे, बागा आहेत आणि बोरीही आहेत. भीमेवरचे उजनी धरण आमच्याच तालुक्यात आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेच्या या धरणाने सोलापूर जिल्ह्याचे रूप पालटले. ज्या मुलखात ज्वारी आणि दुष्काळ यांखेरीज काही ठाऊक नव्हते, तेथे ऊस, केळी आणि डाळिंब आले, मुले शिकली, पक्की घरे झाली. जलाशयाच्या भिगवणकडील उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येऊ लागले. माणसाने केलेल्या एका खुणेवर अल्लाहच्या इतर निर्मितीनेही आपला निवारा शोधला. हे पहिले चित्र आहे आणि ते खोटे नाही.

दुसरे चित्रही तेथेच आहे. या जलाशयाखाली अनेक गावे गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी फार खाली गेले की वर दिसू लागते आणि ज्यांची घरे बुडाली त्यांची आठवण करून देते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांतून भीमेत व तेथून उजनीत येते आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा थर दिसतो. आमच्या बोलण्यात उजनी ‘प्लस’मध्ये आणि ‘मायनस’मध्ये जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या जवळपास गेली होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातूनही पाणी उपसले गेले होते. आमच्याकडे वर्षाला सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उसाला एका हंगामात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. मधली तूट कोठून भरली जाते? धरणातून, नदीतून आणि जमिनीच्या पोटातून. तुमचे पाणी भूमीत खोल उतरून गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, हा सूरह मुल्कच्या शेवटच्या आयतीतील प्रश्न (६७ : ३०) आमच्याकडे बोअर घेणारा प्रत्येक जण मशिनच्या आवाजात ऐकू शकतो, ऐकावयाचा असेल तर.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला. ज्या नदीला माझ्या नातीने कोरडी रंगविले होते, तीच गावांत शिरली, उभी पिके आणि शेतातील माती घेऊन गेली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सबाचा वृत्तांत वाचून आजच्या पूरग्रस्ताकडे बोट दाखविण्याचा आणि ही तुमची शिक्षा आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याच्यापर्यंत पाणी, धान्य आणि पांघरूण पोहोचविणे हे त्या वेळचे कर्तव्य असते. आयत वाचावयाची ती स्वतःचा हिशेब तपासण्यासाठी.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला आक्षेप असा, की सुंदर दाखविणे हीच अल्लाहची कृतज्ञता नव्हे काय? कोरडी नदी आणि खड्डे रंगविणे म्हणजे त्याच्या देणगीविषयी तक्रार नव्हे काय? याचे उत्तर असे, की शुक्र म्हणजे देणगी ओळखणे, देणारा ओळखणे आणि देणगीचा योग्य वापर करणे. एखाद्याने आपल्याला उत्तम वस्त्र दिले, आपण ते फाडले आणि मग ते अखंड असल्याचे चित्र काढून त्याला पाठविले, तर त्याला कोणी कृतज्ञता म्हणणार नाही. नदी देणाऱ्याविषयी तक्रार नाहीच, तक्रार आहे ती आपल्या हातांविषयी. सीनेचा पावसाळ्यातील भरलेला प्रवाह रंगविणेही शुक्र आहे. परंतु उन्हाळ्यातील खड्ड्यावर होडी काढणे हा शुक्र नव्हे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो अधिक कठीण आहे. तो म्हणतो, की उसाला निदान ठरलेला दर आहे, कारखाना ऊस घेऊन जातो. ज्वारी, तूर आणि कांदा यांचा भरवसा कोण देतो? मुलीच्या लग्नाचा आणि मुलाच्या फीचा प्रश्न तुमच्या चित्राने सुटणार आहे काय? हा आक्षेप डावलून चालणार नाही. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा आहे, असे पैगंबर (स.) यांनी सांगितल्याचे अबू दाऊदच्या संग्रहात आहे. वाटा सर्वांचा असेल तर पाणी वाचविण्याचे ओझेही एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. शहरात साखर खाणारा, नदीत सांडपाणी सोडणारा, वाळूने घर बांधणारा, सर्वच त्या चित्रात आहेत. म्हणून खरे चित्र शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. ते सर्वांना एका ओळीत उभे करते.

साक्षीदार चौकटीबाहेर नसतो

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कुरआनने साक्ष लपविण्यास मनाई केली आहे आणि जो ती लपवितो त्याचे हृदय गुन्हेगार असल्याचे सांगितले आहे (२ : २८३). ही आज्ञा देवघेवीच्या संदर्भात आलेली आहे. परंतु भूमी हीसुद्धा आपल्याला मिळालेली अमानत आहे आणि पुढच्या पिढीशी आपला व्यवहार चालूच आहे. त्या व्यवहारात काय घेतले आणि काय शिल्लक ठेवले, याविषयीची साक्ष लपविणे हे साधे कृत्य कसे असेल? सूरह निसामध्ये याहून अवघड मागणी आहे. न्यायावर दृढ राहा आणि अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, असा तिचा आशय आहे (४ : १३५).

स्वतःच्या विरुद्ध, हे शब्द मला सोडीत नाहीत. नातीच्या चित्रातील ट्रॅक्टर मला का खटकला, याचा मी पुढे शांतपणे विचार केला. तो विद्रूप होता म्हणून खटकला, असे मी स्वतःला सांगत होतो. ते खरे नव्हते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी घर बांधले, तेव्हा त्याची वाळू सीनेतूनच आली होती. किती ब्रास आली हे मला आजही आठवते. तिची रीतसर पावती होती की नाही, हे मात्र मी त्या वेळी विचारलेही नव्हते. ठेकेदाराने आणली, मी पैसे दिले. नदीच्या पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते आणि ते पाणी काठच्या विहिरींना पाझरते, वाळू गेली की विहिरींचे पाणीही खोल जाते, हे मी वर्गात शिकवीत होतो आणि त्याच सुमारास माझ्या अंगणात वाळूचा ढीग पडत होता. मुलीने जो खड्डा काढला होता, त्यातील काही भाग माझ्या भिंतीत आहे. मी तिला चित्र सुधारावयास सांगत नव्हतो. मी माझ्याविरुद्धची साक्ष पुसावयास सांगत होतो, आणि तीही एका अजाण मुलाच्या हाताने.

निसर्गचित्र काढणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची खरी परीक्षा येथे आहे. दुसऱ्याने केलेला बिघाड दाखविणे सोपे असते. चित्रकार ज्या गाडीतून त्या जागी गेला, ज्या घरात बसून त्याने चित्र पूर्ण केले, ज्या साखरेचा चहा घेत आपण ते चित्र पाहिले, तेही त्या देखाव्याचेच भाग आहेत. भूमी साक्ष देईल तेव्हा ती चौकटीच्या आतले आणि बाहेरचे असा भेद करणार नाही.

चित्राने नदी भरत नाही, हे मान्य आहे. परंतु नदी रिकामी आहे हे कबूल केल्याशिवाय ती भरण्याचा प्रयत्नही सुरू होत नाही. तौबाची पहिली पायरी गुन्ह्याची कबुली आहे, दुसरी पश्चात्ताप आणि तिसरी पुन्हा तसे न करण्याचा निर्धार. हक्क दुसऱ्याचा बुडाला असेल तर त्याची भरपाईही करावी लागते. आपल्या मदरशांत आणि शाळांत मुलांना चित्रे काढावयास सांगताना आपण पहिली पायरी तरी त्यांच्यासाठी मोकळी ठेवू शकतो. त्यांना बाहेर नेऊन विचारू शकतो, की येथे अल्लाहने काय दिले, माणसाने काय जोडले आणि काय हिरावून घेतले? तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे एकाच कागदावर मावतात. वुजूच्या नळाखालून वाहून जाणारे पाणी कोठे जाते, हे चित्र एखाद्या मुलाने काढले, तर मशिदीच्या विश्वस्तांनी ते दर्शनी भिंतीवर लावावे. त्याचा उपयोग एखाद्या सूचनाफलकाहून अधिक होईल.

पुढच्या सुटीत नात आली तेव्हा मी तिच्याजवळ माझी चूक कबूल केली आणि ते चित्र पुन्हा काढशील का, असे विचारले. जुन्या कागदावरचा निळा रंग आता निघणार नव्हता, तिने नवा कागद घेतला. पात्र, खड्डे, ट्रॅक्टर आणि पाइप तिला जसेच्या तसे आठवत होते. मी तिला वाळूची हकीकत सांगितली, तेव्हा तिने काही न बोलता काठाच्या वरच्या बाजूला आमचे घर काढले. प्रत्यक्षात ते तेथून दिसत नाही. परंतु मी ती दुरुस्ती सुचविली नाही. घरामागे आम्ही गेल्या काही पावसाळ्यांत लावलेली लिंबाची चार रोपेही तिने काढली. ती अजून लहान आहेत आणि तिने ती लहानच दाखविली.

हे अल्लाह, तू आम्हाला जी भूमी सोपविलीस तिच्याकडे खऱ्या नजरेने पाहण्याची शक्ती आम्हाला दे. आमच्या हातांनी जे बिघडले ते कबूल करण्याचे धैर्य दे आणि जे सुधारता येईल ते सुधारण्याची सवड दे. ज्या दिवशी ही भूमी बोलेल, त्या दिवशी तिच्याजवळ आमच्याविषयी सांगण्यासारखे काही चांगलेही असू दे. आमीन.